वारा सरला का? ओटीपोटाचं हाड मोडलेल्या माणसाच्या पोटाकडं का बघायचं

रात्रीच्या ड्यूटीला हाडांच्या वॉर्डात राउंड घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते. "वारा सरला का?" तरुण मुलगा असला तर तो मान भिंतीकडं वळवतो. बाई असली तर पदर तोंडाला लावते. नातेवाईक माझ्याकडं बघत राहतात. हाड मोडलंय कमरेचं आणि सिस्टर विचारतात पोटाचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं.

मिरजेत नर्स म्हणून काम करताना माझी बरीच वर्षं हाडांच्या आणि सर्जरीच्या वॉर्डात गेली. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, वाळवा, पलीकडून सांगोला आणि अथणी, सगळीकडून इथं अपघाताचे पेशंट येतात. त्यात ओटीपोटाचं हाड मोडलेले पुष्कळ. त्यातल्या फार थोड्यांच्या आतड्याला इजा झालेली असते. प्रकार दुर्मीळ आहे, पण उशिरा कळला तर माणूस हातचा जातो. आणि तो वेळेत कळायचा असेल तर पेशंटच्या उशाशी बसलेल्या माणसाला काय बघायचं ते माहीत पाहिजे, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडं लोक ‘खुबा मोडला’, ‘कंबरडं मोडलं’ असं काहीही म्हणतात. डॉक्टर ज्याला पेल्विस म्हणतात ते म्हणजे ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं. मागं माकडहाडाच्या वरचं पाचरीसारखं त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना खुब्याची पसरट हाडं, आणि ही दोन हाडं पुढं येऊन जांघेच्या मधोमध कूर्चेनं सांधलेली. काचेची बांगडी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंनी दाबली तर ती एकाच जागी तडकून थांबत नाही, बहुतेक वेळा दोन जागी तुटते. या कड्याचंही तसंच. म्हणून एक्सरेत एक मोड दिसला की डॉक्टर दुसरा शोधत बसतात. कधी तो हाडात नसतो, मागचा सांधा उघडलेला असतो.

बांगडी फुटली की काच मनगटात जाते, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. या कड्याच्या आत मनगटाच्या जागी पुढं लघवीची पिशवी असते, बायकांमध्ये तिच्या मागं गर्भाशय, सगळ्यात मागं त्रिकास्थीला टेकून गुदाशय, आणि वरून उतरलेली लहान आतड्याची वेटोळी. मागच्या भिंतीवर शिरांचं दाट जाळं. मोडलेल्या हाडाचं टोक यातल्या कशालाही लागू शकतं. लघवीच्या पिशवीला आणि मार्गाला आतड्यापेक्षा जास्त वेळा इजा होते, म्हणून लघवीतून रक्त आलं की सगळे सावध होतात. आतड्याचं तसं होत नाही, ते गप्प राहतं.

हे सगळं घरात पाय घसरून पडलेल्या आजीबद्दल नाही, हे आधी सांगायला हवं. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, मोरीत बसकण मारली तरी पुढच्या बाजूला बारीक मोड येतो. बहुतेक वेळा कडं जागच्या जागी राहतं आणि वेदनाशामक, काही दिवस आराम, मग वॉकर धरून चालणं एवढ्यावर भागतं. आतड्याची भीती असते ती जोराच्या माराला. आमच्या भागात ऊस तोडणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या दिवसांत अंधारात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्यावर मागून जाऊन धडकलेली मोटारसायकल, हे आम्ही दर हंगामात बघतो. ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडलेले, विहिरीच्या कामावर वरून पडलेले, हायवेला चालत असताना गाडीनं उडवलेले, हे सगळे त्याच रांगेतले.

असा पेशंट आल्यावर पहिले काही तास आतड्याचा विचार मागं पडतो, आणि ते बरोबरच आहे. पहिला धोका रक्तस्रावाचा असतो. मोडलेल्या हाडातून आणि मागच्या शिरांतून वाहणारं रक्त ओटीपोटाच्या मागच्या जागेत साठतं. तिथं काही लिटर रक्त मावतं आणि बाहेर थेंब दिसत नाही. म्हणून खुब्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या उंचवट्यांच्या पातळीवर पट्टा आवळतात, कमरेवर नाही. कडं आवळलं गेलं की रक्तस्राव आवाक्यात यायला मदत होते. रक्त चढवणं, गरज पडली तर बाहेरून सळ्यांची चौकट बसवणं, हे सगळं त्या धावपळीत होतं. आतडं त्या गर्दीत शांत पडून असतं.

आतड्याला इजा होते कशी? सरळ प्रकार म्हणजे हाडाचं टोक घुसणं. गाडीच्या सीट बेल्टखाली किंवा स्टिअरिंगखाली पोट जोरात दाबलं गेलं तर आतड्यातला दाब एकदम वाढून ते फुटतं, पाण्यानं भरलेली पिशवी मुठीत आवळावी तसं. हे दोन्ही समजायला सोपे आहेत. तिसरा प्रकार मात्र नीट समजून घ्या, कारण त्यातच फसगत होते.

लहान आतडं पोटात मोकळं लोंबकळत नसतं. एका पातळ पडद्याच्या कडेला ते जोडलेलं असतं, आणि आतड्याला रक्त नेणाऱ्या सगळ्या नसा त्या पडद्यातून जातात. साडीच्या निऱ्या कशा कमरेशी मुठीत मावतात आणि खाली काठ पसरतो, तसा हा पडदा. मुळाशी तो साधारण १५ सेंटीमीटर, आणि काठाला आतडं आहे जवळजवळ ६ मीटर. आता धावत्या गाडीवरून माणूस आपटला की अंग थांबतं, आतडं पुढं जात राहतं. निऱ्या हिसका बसून काठाजवळ फाटतात. काठ अख्खा दिसतो, भोक कुठंच नसतं, पण त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तो तुकडा लगेच मरत नाही. आधी निळसर पडतो, मग काळा, आणि काही दिवसांनी तिथं भोक पडतं. पहिल्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये काही न दिसता चौथ्या-पाचव्या दिवशी पोट बिघडतं त्याचं एक कारण हे आहे.

चौथा प्रकार सगळ्यात विरळा. मोडलेल्या हाडाच्या फटीतच आतड्याचं वेटोळं जाऊन अडकतं, दारात पदर सापडावा तसं. तो मी डोळ्यांनी एकदाच बघितला, एका तरुण मुलाच्या बाबतीत. त्याबद्दल पुढं सांगते.

त्याआधी गुदाशय. हा आतड्याचा शेवटचा भाग, आणि त्याचा खालचा हिस्सा पोटाच्या अस्तराच्या बाहेर असतो. पोटात भोक पडून घाण सांडली तर पोट दगडासारखं कडक होतं, माणूस हात लावू देत नाही, डॉक्टरांना कळतं. गुदाशयाचा खालचा भाग फाटला तर यातलं काहीच होत नाही. पोट मऊच राहतं, आणि खाली साठलेल्या रक्तात मळातले जंतू मिसळत जातात. साठलेलं रक्त जंतूंना फार मानवतं. मोडलेलं हाड त्याच घाणीत बुडून राहतं. कातडी कुठंही फाटलेली नसली तरी हा उघडा मोड असतो, कारण त्याची वाट गुदाशयातून बाहेर उघडते.

म्हणूनच कॅज्युअल्टीत डॉक्टर हातमोजा घालून मागून बोट घालून तपासतात. बोटाला रक्त लागलं का, हाडाचं टोक आत लागतं का, एवढं बघायला एक मिनिट लागतं. बोटाला काही लागलं नाही म्हणून इजा नाहीच असं ठरत नाही. संशय असेल तर आत दुर्बीण घालून बघतात. पण ही एक मिनिटाची तपासणी नको म्हणणारे लोक मी खूप बघितले. "आमच्या माणसाचं हाड मोडलंय, तिथं कशाला हात घालताय?" असं म्हणून भांडणारा भाऊ मला अजून आठवतो. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तपासणी कशासाठी आहे ते आम्ही दोन वाक्यांत सांगायला हवं, आणि पडदा ओढून करायला हवी. सांगितलं की बहुतेक लोक तयार होतात.

बायकांच्या बाबतीत अजून एक गोष्ट होते. स्कूटरवरून पडलेली एक तिशीतली बाई आली होती. परकराला रक्त होतं. सासूनं सांगितलं, "तिची पाळी आली आसंल." बाईनं मान हलवली, खरं तर तिला धड बोलताही येत नव्हतं. एका सिनियर लेडी डॉक्टरांनी ऐकून न घेता तपासलं तर हाडाच्या टोकानं योनीमार्ग फाटलेला होता आणि मागं गुदाशयालाही चीर होती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. अपघातानंतर खालून रक्त आलं तर ते पाळीचं असेल असं घरच्यांनी ठरवून टाकू नये, आणि संकोचानं लपवूही नये. डॉक्टरांना सांगायला अवघड वाटलं तर वॉर्डातल्या सिस्टरच्या कानात सांगा.

आता तो मुलगा. वय पंचवीसच्या आत, ट्रॉलीला धडकलेला. खुब्याचं पसरट हाड मोडून मध्ये फट पडली होती, बाकी कडं जागेवर. पहिल्या दिवशी सीटी झाला, पोटात फार काही नाही असं वाटलं. ऑपरेशनची घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं.

हाड मोडल्यावर पोट फुगणं नवीन नाही. मागं साठलेलं रक्त, वेदना, दुखणं कमी करायची औषधं, उताणं पडून राहणं, या सगळ्यानं आतडं काही दिवस हालचाल थांबवतं. वॉर्डात आम्ही म्हणतो आतडं रुसलं. तोंडानं खाणं बंद, नाकातून नळी, सलाईन, आणि वाट बघायची. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत सुरळीत होतं. पोट गुडगुडायला लागतं, वारा सरतो, मग संडासला होतं. म्हणून त्या मुलाच्या कागदावरही तेच लिहिलं गेलं, सलग दोन दिवस, आणि ते वाचून मीही तेच धरून चालले. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी येत होतं. तो कमरेला दुखतंय म्हणायचा, आणि कमरेचं हाडच मोडलेलं, मग कोण वेगळं काय समजणार?

त्याची आई वाळवा तालुक्यातली, दिवसभर शेजारी बसून त्याच्या पोटावर हात ठेवायची. चौथ्या रात्री तिनं मला बोलावलं. "सिस्टर, काल हात दाबला की आत जात हुता. आज दगडागत लागतंय. आन् दुखणं येतंय-जातंय, कळा मारल्यागत." मी विचारलं, "मावशी, वारा सरला का त्याचा?" ती म्हणाली, "आल्यापास्नं नाही." नाडी बघितली तर संध्याकाळपेक्षा बरीच वाढलेली. ताप थोडा. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवलं आणि तिचं वाक्य तिच्या शब्दांत कागदावर लिहून ठेवलं. पहाटे सर्जन आले, नसेतून औषध देऊन पुन्हा सीटी झाला. लहान आतड्याचं वेटोळं हाडाच्या फटीत शिरून आवळलं गेलं होतं. दुपारी पोट उघडलं. वीतभर आतडं काळं पडलेलं, तेवढं कापून दोन टोकं जोडली.

तो वाचला. पण ते दोन दिवस माझ्या मनातून गेले नाहीत. रुसलेलं आतडं आणि अडकलेलं आतडं पहिल्या दिवशी सारखंच दिसतं, फरक दिवसागणिक दिसायला लागतो. रुसलेलं असेल तर हळूहळू का होईना, सुधारतं. अडकलेलं किंवा फाटलेलं असेल तर बिघडत जातं. फुगारा वाढतो, कळा येऊन जातात, उलटी वाढते, वारा सरत नाही, नाडी जोरात चालते, ताप चढतो, पोटाला हात लावू देत नाही. यातलं सगळं एकदम होत नाही, म्हणून काल आणि आज यांची तुलना करणारा माणूस लागतो. डॉक्टर बदलतात, आमच्या ड्यूट्या बदलतात. आई, बायको, भाऊ तिथंच असतात.

सीटी स्कॅन चांगली तपासणी आहे, पण अपघातानंतर लगेच केला तर भोकातून बाहेर आलेली हवा आणि पाणी दिसण्याएवढं साठलेलंच नसतं. त्यातून ओटीपोटात रक्त साठलेलं, त्यानं चित्र गढूळ होतं. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि दोन दिवसांनी डॉक्टर पुन्हा सीटी म्हणाले, तर ते पैसे उकळायला आहे असं लगेच समजू नका. का करायचाय ते विचारा. पोट परत परत हातानं तपासणं हेच यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. पेशंटच्या डोक्याला मार असेल, तो बेशुद्ध असेल, दारू प्यालेला असेल किंवा मणक्याला इजा होऊन खालचं जाणवत नसेल, तर तो दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. अशा पेशंटबाबत जास्त जपावं लागतं.

एक विनंती. तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलेलं असताना पोराचा जीव व्याकूळ होतो म्हणून चोरून चहा-बिस्किट देऊ नका. आईची माया मला कळते. पण बंद आतड्यात गेलेला घोट उलटून वर येतो आणि फुप्फुसात जाऊ शकतो. ओठ ओले करायला ओला कापूस आम्ही देतो.

ऑपरेशन काय होतं ते इजेवर ठरतं. लहान आतड्याला भोक असेल तर शिवतात, तुकडा मेला असेल तर कापून जोडतात. पेशंट फारच खालावलेला असेल तर पहिल्या खेपेला रक्त आणि गळती थांबवून पोट तात्पुरतं झाकतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा आत जाऊन उरलेलं काम करतात. दोनदा पोट उघडलं म्हणजे पहिलं चुकलं असं नाही. हाडाचं प्लेटचं ऑपरेशनही पुढं जाऊ शकतं, कारण मळाचा संसर्ग असलेल्या जागी धातू बसवला तर तो पू धरतो. तोवर बाहेरची चौकट हाड धरून ठेवते.

गुदाशय फाटला असेल तर बऱ्याचदा मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावतात. कोलोस्टॉमी हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. मी एवढंच सांगते, मळाची वाट थोडे दिवस वळवली की खालची जखम कोरडी राहते. रस्त्याचं काम चालू असताना गाड्या सर्व्हिस रोडनं सोडतात, तेवढंच. पोटावरचं ते तोंड लालसर गुलाबी आणि ओलसर दिसतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला स्पर्श केला तर दुखत नाही, पुसताना थोडं रक्त लागलं तर घाबरायचं कारण नसतं. ते काळपट किंवा जांभळं पडलं तर मात्र लगेच दाखवायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, गच्च भरू द्यायची नाही. भोवतालची कातडी साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करायची, आणि पिशवीच्या चकतीचं भोक त्या तोंडाच्या मापाचं कापायचं. मोठं कापलं की मळ कातडीला लागून ती सोलवटते. हे पेशंटनं स्वतः शिकावं असा माझा आग्रह असतो, बायकोवर सोडून द्यायचं नाही. वर सांगितलेली ती स्कूटरवाली बाई आठवड्याभरात शिकली, आणि मग शेजारच्या कॉटवरच्या बाईला शिकवत बसायची. जखम भरली आणि तपासण्या नीट आल्या की बहुतेकांचं तोंड काही महिन्यांनी पुन्हा आत घेतात. तिचंही घेतलं.

रस्त्यावर असा अपघात बघितला तर १०८ ला फोन करा. माणसाला बगलेत आणि पायाला धरून उचलू नका, उठवून बसवू नका, मोडलं का बघायला खुबा हलवून बघू नका. पाणी, चहा काही पाजू नका. चोळणं आणि तेल लावणं तर अजिबात नको. सरळ फळीवर घेता आलं तर बरं. पोलीस चौकशीच्या भीतीनं लोक अजूनही मागं सरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, तुमचं नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

ग्रामीण रुग्णालयातून पुढं पाठवत असतील तर अपघात किती वाजता झाला, लघवी झाली का, कुठून रक्त आलं का, कोणती इंजेक्शनं दिली, हे चिठ्ठीवर लिहून मागा. जतच्या पूर्व भागातून मिरजेला यायला दोन-अडीच तास जातात, तेवढ्यात बरंच काही विसरलं जातं. मिरजेत उतरल्यावर ती चिठ्ठी आधी हातात द्या.

घरी गेल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवायचं असतं. हाडात अडकलेलं आतडं कधीकधी अर्धवटच अडकतं आणि त्रास उशिरा सुरू होतो. फटीच्या बाजूला कळा येऊन पोट फुगलं, उलट्या लागल्या, वारा सरायचा थांबला, तर गॅस झालाय म्हणून सोडा आणि ओवा देत दोन दिवस घालवू नका. आलेल्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा की याचं ओटीपोटाचं हाड मोडलं होतं, आणि जुना सीटी सोबत न्या.